अमेरिकेत इन्शुरन्स नाही आणि दवाखान्यात जायची वेळ आली, तर काय करायचं

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात सासूबाई आमच्याकडे न्यू जर्सीला आल्या होत्या, अंगणातल्या दोन पायऱ्या उतरताना पाय सरकला आणि हात टेकवला तो मनगटातच मोडला. व्हिजिटर इन्शुरन्स घेतला होता पण तो सगळ्यात स्वस्तातला, त्याने किती दिलं ते पुढे सांगतेच. ईआरमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सी रूममध्ये, चार तास बसलो, एक्सरे झाला, हात बांधून दिला आणि "जा घरी" म्हणाले. काउंटरवर कोणी पैसे मागितले नाहीत. सासूबाईंना तर खरंच वाटेना, कारण आपल्याकडे आधी डिपॉझिट आणि बिल चुकतं केल्याशिवाय पेशंट घरी नाही, हीच सवय. मग तीन आठवड्यांनी पाकिटं यायला लागली. हॉस्पिटलचं वेगळं ६,८०० डॉलर, डॉक्टरचं वेगळं १,१५० आणि एक्सरे वाचणाऱ्याचं वेगळं २१०. नवऱ्याने पहिलं पाकीट उघडल्या उघडल्या क्रेडिट कार्ड काढलं, कारण घरात लहानपणापासून एकच शिकवण की कोणाचं देणं अंगावर ठेवायचं नाही.

ते कार्ड मी परत पाकिटात ठेवायला लावलं म्हणून हा लेख. इथे घरी येणारं पहिलं बिल म्हणजे शेवटची किंमत नसते, आणि विचारल्याशिवाय कोणी कमी करून देत नाही. नवीन आलेल्या कितीतरी लोकांना हे माहीत नसतं, ते घाबरून एकतर सगळं भरून मोकळे होतात नाहीतर दुखणं अंगावर काढतात. दोन्ही करू नका. २०२३ मध्ये अमेरिकेत २ कोटी ६० लाखांहून जास्त लोक बिनइन्शुरन्स होते, म्हणजे लोकसंख्येच्या साधारण ८ टक्के, त्यामुळे तुम्ही काही जगावेगळे नाही आणि काउंटरवरच्या बाईने ही परिस्थिती रोज बघितलेली असते.

आधी ठरवा, आत्ता जायलाच हवं का

छातीत दुखतंय, श्वास लागतोय, तोंड एका बाजूला वाकडं झालंय, बोलणं अडखळतंय, रक्त थांबत नाहीये, डोक्याला जोरात मार लागलाय, गरोदर बाईला रक्तस्राव होतोय, तर पैशाचा विचार एक सेकंदही करू नका, ९११ लावा किंवा जवळच्या ईआरमध्ये जा. १९८६ पासून एम्टाला नावाचा फेडरल कायदा आहे, त्यानुसार मेडिकेअर (मुख्यतः ६५ पुढच्यांसाठीचा सरकारी इन्शुरन्स) घेणाऱ्या, म्हणजे जवळजवळ सगळ्याच, हॉस्पिटलच्या ईआरला तुम्हाला तपासावंच लागतं आणि प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करावेच लागतात, पैसे असोत नसोत, व्हिसा कुठलाही असो. इन्शुरन्स कार्ड मागतील, नाही म्हणून सांगा, पण त्यासाठी तपासणी लांबवता येत नाही.

पण नीट समजून घ्या, हा कायदा उपचार देतो, फुकट उपचार देत नाही. बिल येणारच. आणि स्थिर झालात की त्यांची जबाबदारी संपली. सासूबाईंचा हात तात्पुरता बांधून दिला आणि "आठवड्याभरात हाडाच्या डॉक्टरला दाखवा" असं कागदावर लिहून दिलं, आता त्या डॉक्टरच्या ऑफिसवर एम्टालाचं काही बंधन नाही, तिथे आधी पैसे ठेवा मगच अपॉइंटमेंट. खरी पळापळ तिथून पुढे सुरू होते.

अ‍ॅम्ब्युलन्सचं पण बिल येतं आणि ते मोठं असतं. २०२२ पासून सरप्राइझ बिलांविरुद्धचा, म्हणजे अचानक येणाऱ्या अनपेक्षित बिलांविरुद्धचा, जो कायदा आला त्यात रस्त्यावरच्या अ‍ॅम्ब्युलन्स धरलेल्या नाहीत. पाय मुरगळला असेल तर गाडीने जा, शेजाऱ्याला उठवा, पण हार्ट अटॅक किंवा स्ट्रोकची शंका असेल तर अ‍ॅम्ब्युलन्सच बोलवा, कारण त्यातली माणसं रस्त्यातच उपचार सुरू करतात.

जिवावरचं नसेल तर कुठे जायचं

ताप, खोकला, लघवीला जळजळ, कान दुखणं, चार टाके, असल्या गोष्टींसाठी ईआर नको. ईआरमध्ये नुसतं आत पाऊल टाकल्याचा पण चार्ज लागतो, त्याला फॅसिलिटी फी म्हणतात. अर्जंट केअरमध्ये जा, म्हणजे किरकोळ पण लगेच दाखवायच्या दुखण्यांचं क्लिनिक, खर्च ईआरच्या कितीतरी कमी, आणि बहुतेक ठिकाणी कॅश रेट आधी सांगतात. मोठ्या औषधाच्या दुकानांमध्येही छोटी क्लिनिक असतात, तिथे तर दरपत्रकच लावलेलं असतं.

पण नेहमीचं दुखणं असेल, बीपी, शुगर, थायरॉइड, तर अर्जंट केअर हा मार्ग नाही, कम्युनिटी हेल्थ सेंटर शोधा. ही सरकारी मदतीवर चालणारी सेंटर १९६५ पासून आहेत, देशभरात जवळपास १,४०० संस्था ती चालवतात, आणि तिथे फी तुमच्या उत्पन्नावर ठरते. उत्पन्न फेडरल गरिबी रेषेच्या आत असेल तर नावापुरती फी, दुपटीपर्यंत असेल तर थोडी सवलत. २०२५ साठी ही रेषा एकट्या माणसाला वर्षाला १५,६५० डॉलर आणि चौघांच्या कुटुंबाला ३२,१५० डॉलर अशी होती. म्हणजे नोकरी गेलेलं, शिकणारं, एकाच तुटपुंज्या पगारावर चालणारं घर इथे सहज बसू शकतं. शोधायचं कसं, तर सरकारी एचआरएसएची वेबसाइट आहे, 'फाइंड अ हेल्थ सेंटर' टाका, झिप कोड टाका, यादी येते. फोन करून तीन गोष्टी विचारा: नवीन पेशंट घेता का, स्लायडिंग फी (उत्पन्नावर ठरणारी फी) साठी कुठले कागद लागतील, आणि माझ्या व्हिसावर चालेल का. तिसरा प्रश्न लाजू नका, या बाबतीतले नियम बदलतायत म्हणून फोनवरच विचारलेलं बरं. यांच्यापैकी बऱ्याच ठिकाणी दाताचे डॉक्टर पण असतात. दातांसाठी अजून एक चांगली सोय म्हणजे विद्यापीठांची डेंटल कॉलेजं, विद्यार्थी करतात पण प्राध्यापक डोक्यावर उभे असतात, वेळ दुप्पट लागतो आणि पैसे बरेच कमी.

मुलांच्या लसी थांबवू नका. १९ वर्षांखालच्या बिनइन्शुरन्स मुलांसाठी व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन ही फेडरल योजना १९९४ पासून आहे, लस फुकट, फार तर टोचण्याची थोडी फी. काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) हेल्थ डिपार्टमेंटला फोन करा. आणि काहीच सुचत नसेल तर २११ हा नंबर लावा, तुमच्या भागात कुठलं फ्री क्लिनिक, कुठली संस्था मदत करते ते सांगतात.

जायच्या आधी किंमत विचारा

हे आपल्याला जड जातं, डॉक्टरला पैसे विचारायचे म्हणजे कसंतरीच वाटतं. पण इथे डॉक्टरला नाही, फ्रंट डेस्कला किंवा बिलिंगला विचारायचं असतं, आणि वाक्य एकच पाठ करा: "आय अ‍ॅम सेल्फ-पे, व्हॉट इज युअर कॅश प्राइस?" सेल्फ-पे हा शब्द महत्त्वाचा. नुसतं "इन्शुरन्स नाही" म्हटलं तर काही ठिकाणी गप्प होतात, सेल्फ-पे म्हटलं की त्यांच्याकडे त्याचा वेगळा दर असतो तो काढून सांगतात.

त्यापुढे जाऊन "गुड फेथ एस्टिमेट" लेखी मागा. २०२२ पासून हा तुमचा हक्क आहे. ठरवून करायची तपासणी असेल, सोनोग्राफी, एमआरआय, छोटं ऑपरेशन काहीही, तर बिनइन्शुरन्स पेशंटला त्यांनी अंदाजे खर्च लेखी द्यायलाच हवा, नुसता विचारला तरी ३ कामाच्या दिवसांत. आणि त्या डॉक्टरचं किंवा हॉस्पिटलचं बिल त्यांच्याच एस्टिमेटपेक्षा ४०० डॉलर किंवा जास्त आलं तर बिल आल्यापासून १२० दिवसांत सरकारकडे तक्रार करता येते, फी २५ डॉलर. म्हणून तो कागद जपून ठेवा, फोटो काढून ठेवा.

एक अजून, रक्त तपासणी किंवा एमआरआय हॉस्पिटलच्या आत करू नका जर डॉक्टर बाहेर चालेल म्हणत असतील. बाहेरच्या इमेजिंग सेंटरमध्ये तोच एमआरआय बहुतेक वेळा खूप स्वस्त पडतो, आणि क्वेस्ट, लॅबकॉर्पसारख्या लॅबच्या वेबसाइटवर कितीतरी तपासण्या स्वतःच पैसे भरून करून घेता येतात.

औषधं

इथे पैसे वाचवायला सगळ्यात जास्त वाव आहे आणि सगळ्यात जास्त गोंधळ पण. तेच औषध, तोच डोस, समोरासमोरच्या दोन दुकानांत दहापट फरकाने मिळू शकतं. चिठ्ठी दुकानात टाकायच्या आधी गुडआरएक्स अ‍ॅपमध्ये नाव टाकून बघा, कुपन दाखवा, त्याला इन्शुरन्स लागत नाही. वॉलमार्टची ४ डॉलरची यादी आहे, २००६ पासून, शुगर-बीपीच्या कितीतरी नेहमीच्या जेनेरिक गोळ्या त्यात येतात, महिन्याला ४, तीन महिन्यांना १०. कॉस्टकोच्या फार्मसीतून चिठ्ठीवरची औषधं घ्यायला मेंबरशिप लागत नाही, दारावर सांगायचं की फार्मसीत जायचंय. २०२२ मध्ये उद्योजक मार्क क्युबनने सुरू केलेली कॉस्ट प्लस ड्रग्ज ही ऑनलाइन फार्मसी आहे, ती खरेदी किमतीवर ठरलेले १५ टक्के आणि ठरावीक फी लावते, महागड्या जेनेरिकसाठी तिथे जरूर बघा. इन्सुलिनवाल्यांनी कंपनीच्याच वेबसाइटवर बघा, लिली, नोव्हो, सनोफी या तिघांचेही बिनइन्शुरन्स लोकांसाठी महिन्याला ३५ डॉलरचे प्रोग्रॅम आले आहेत.

आणि नावं! आई-बाबा भारतातल्या ब्रँडच्या नावाने औषध सांगतात आणि इथल्या फार्मसिस्टला काहीच कळत नाही. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, त्याला इथे असिटामिनोफेन म्हणतात आणि टायलेनॉल नावाने कुठेही मिळतं. हे माहीत नसल्यामुळे माणसं क्रोसिन पण घेतात आणि टायलेनॉल पण घेतात, लिव्हरवर डबल मार, कृपा करून हे घरातल्या सगळ्यांना सांगा. अस्थालिनमधलं साल्ब्युटामॉल इथे अल्ब्युटेरॉल. ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, थायरोनॉर्म म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, इकोस्प्रिन म्हणजे साधी अ‍ॅस्पिरिन, ही सगळी इथे मिळतात आणि जेनेरिकमध्ये स्वस्त मिळतात. निमेसुलाइड मात्र इथे मिळतच नाही. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय कुठलाच दुकानदार देणार नाही, ओळख काढून उपयोग नाही.

पाकीट आलं, आता काय

मूळ मुद्दा हा. पहिलं काम: भरू नका. दुसरं काम: फेकू पण नका. तारीख बघा आणि एक फाइल करा, प्रत्येक कागद त्यात, प्रत्येक फोनची तारीख, वेळ, कोणाशी बोललात ते नाव लिहून ठेवा. ही वही आमच्या घरात अजून आहे.

मग बिलिंगला फोन करून "आयटमाइझ्ड बिल" मागा, म्हणजे प्रत्येक गोष्ट कोडसकट वेगळी लिहिलेली. पहिल्या बिलावर नुसती एक मोठी रक्कम असते, त्यावरून काहीच कळत नाही. आमचं आयटमाइझ्ड बिल आलं तेव्हा मनगटाचा एक्सरे दोनदा लावलेला दिसला, काढलेला होता एकच. फोन केला, दोन आठवड्यांनी तो उडाला. ईआरच्या बिलात १ ते ५ अशी लेव्हल पण असते, किती गंभीर होतं त्यावर, किरकोळ तक्रारीला लेव्हल ४ किंवा ५ लावली असेल तर "हे का" असं विचारा, मेडिकल रेकॉर्ड मागवा.

त्यानंतर विचारायचं "फायनान्शियल असिस्टन्स" किंवा "चॅरिटी केअर", म्हणजे उत्पन्न बघून बिल कमी किंवा माफ करणं. आपल्या लोकांची गाडी इथेच अडते. "आपण काय भिकारी आहोत का", "आपण कमावतो, गरिबांचं कशाला घ्यायचं", नवऱ्याने हेच म्हटलं होतं. पण बघा, अमेरिकेतली निम्म्याहून जास्त हॉस्पिटलं नॉन-प्रॉफिट आहेत, ती टॅक्स भरत नाहीत, आणि त्या बदल्यात अशी मदत करण्याची लेखी पॉलिसी ठेवणं आणि ती लोकांना सांगणं हे २०१० च्या अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टनुसार त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्यात पात्र ठरलेल्या माणसाला इन्शुरन्सवाल्यांना साधारण जेवढं लावतात त्याच्यापेक्षा जास्त लावता येत नाही. अर्ज करायला घरी गेल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवस मिळतात, आणि पहिले १२० दिवस ते कोर्ट, पगारातून कापणं, क्रेडिट रिपोर्ट असलं काही करू शकत नाहीत. म्हणजे घाबरून आजच भरायची गरज नसते.

आणि मर्यादा आपण समजतो तेवढी खाली नसते. कॅलिफोर्नियात गरिबी रेषेच्या ४ पटीपर्यंत उत्पन्न असलेल्या बिनइन्शुरन्स पेशंटला हॉस्पिटलने सवलत द्यायलाच हवी, चौघांच्या घरासाठी २०२५ च्या रेषेने ते १,२८,६०० डॉलर होतात. न्यू जर्सीची स्वतःची चॅरिटी केअर योजना आहे, दुपटीपर्यंत पूर्ण माफ, तिपटीपर्यंत काही भाग माफ, पण तिथे बँकेतली शिल्लक पण बघतात. प्रत्येक राज्याचं वेगळं, प्रत्येक हॉस्पिटलचं वेगळं, फॉर्म त्यांच्या वेबसाइटवर असतो. पगाराच्या स्लिपा, टॅक्स रिटर्न, नोकरी गेली असेल तर ते पत्र, भाड्याचा करार, हे जोडा. फॉर्म अवघड वाटला तर डॉलर फॉर नावाची एक संस्था आहे, ते फुकटात भरायला मदत करतात. अर्ज करताना हेही विचारा की ही सवलत ईआरच्या डॉक्टरच्या वेगळ्या बिलाला लागू आहे का, कारण ते डॉक्टर बऱ्याचदा दुसऱ्याच कंपनीचे असतात, पॉलिसीसोबत तशी यादी ठेवणं हॉस्पिटलला भाग असतं.

सासूबाई इथल्या रहिवासी नव्हत्या म्हणून आमचा अर्ज नाकारला गेला. मग सेल्फ-पे डिस्काउंट मागितला, एकदा नाही म्हणाले, दुसऱ्यांदा सुपरवायझरला मागितला तर मिळाला. तिन्ही बिलं मिळून शेवटी ३,९०० डॉलर भरले, १२ हप्त्यांत, बिनव्याजी. एकरकमी भरू शकत असाल तर "आज एवढे भरले तर कितीत मिटेल" असं विचारून बघा, भाजीबाजारात करतो तशी घासाघीस इथे पण होते फक्त ती फोनवर आणि सभ्य भाषेत होते.

क्रेडिट कार्डावर टाकू नका. एकदा कार्डावर गेलं की हॉस्पिटलचा हिशेब संपला, आता तुम्ही बँकेचे देणेकरी आणि व्याज सुरू. काही ऑफिसांत फ्रंट डेस्कवरच "मेडिकल क्रेडिट कार्ड" पुढे करतात, त्यात ठरलेल्या मुदतीत सगळं फेडलं नाही तर पहिल्या दिवसापासूनचं व्याज बसतं, त्यापेक्षा हॉस्पिटलचा बिनव्याजी हप्ता कधीही चांगला. आणि कलेक्शनवाल्याचा, म्हणजे थकलेलं बिल वसूल करणाऱ्या कंपनीचा, फोन आला तर लगेच हो म्हणू नका, लेखी मागा. लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही मोठ्या क्रेडिट ब्युरोंनी २०२३ पासून ५०० डॉलरखालची मेडिकल थकबाकी रिपोर्टवर दाखवणं बंद केलंय, आणि त्यावरची पण एक वर्ष झाल्याशिवाय दिसत नाही.

इन्शुरन्स मिळायच्या खिडक्या, ज्या बंद होतात

नोकरी गेली तर पहिला ६० दिवसांचा हिशेब मांडा. २० किंवा जास्त माणसांच्या कंपनीत होतात तर कोब्रा मिळतो, म्हणजे तोच जुना प्लॅन, बहुतेक वेळा १८ महिन्यांपर्यंत, पण सगळा प्रीमियम तुमच्या खिशातून आणि वर २ टक्के. तो महाग, २०२४ मध्ये कंपन्यांच्या फॅमिली प्लॅनचा सरासरी प्रीमियम वर्षाला २५,५७२ डॉलर होता. पण एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते: निवड करायला ६० दिवस असतात आणि कोब्रा मागच्या तारखेपासून लागू होतो. म्हणजे ४०व्या दिवशी अपेंडिक्स फुटलं तर ऑपरेशननंतरही कोब्रा घेता येतो, मधल्या महिन्यांचा प्रीमियम मात्र भरावा लागतो. म्हणून ते पाकीट कचऱ्यात टाकू नका.

दुसरी खिडकी मार्केटप्लेस, म्हणजे स्वतः इन्शुरन्स प्लॅन विकत घ्यायची सरकारी साइट, हेल्थकेअर डॉट गव्ह किंवा राज्याची स्वतःची साइट. कव्हरेज गेल्यापासून ६० दिवस, आणि ते पुढच्या तारखेपासूनच सुरू होतं. एच-वन, एच-फोर, एफ-वन ओपीटीवाले पण घेऊ शकतात. सबसिडीचे नियम कडक होतायत, २०२७ पासून या व्हिसांवरच्या लोकांना सबसिडी मिळणार नाही, पूर्ण प्रीमियम भरून प्लॅन घेता येईल. उत्पन्न अगदीच कमी असेल तर मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी इन्शुरन्स, बघा, ग्रीन कार्ड मिळून ५ वर्षं झाली नसतील तर बहुतेक मोठ्या माणसांना पूर्ण मेडिकेड मिळत नाही, पण जिवावरच्या प्रसंगात इमर्जन्सी मेडिकेडचा अर्ज हॉस्पिटलच्या सोशल वर्करकडून करून घ्या. ग्रीन कार्डवर आलेल्या ६५ पुढच्या आई-वडिलांना मेडिकेअर ५ वर्षं सलग राहिल्याशिवाय विकतही घेता येत नाही, तोवर त्यांच्यासाठी मार्केटप्लेसच.

"हेल्थ शेअरिंग" नावाने स्वस्त काही विकतात ते इन्शुरन्स नाही, पैसे द्यायचं कायदेशीर बंधन त्यांच्यावर नसतं.

आई-बाबा यायच्या आधी

आता त्या स्वस्तातल्या व्हिजिटर पॉलिसीचं. ती फिक्स्ड बेनिफिट होती, म्हणजे प्रत्येक गोष्टीला ठरलेली रक्कम, बिल कितीही असो, ईआरला अमुक, एक्सरेला तमुक. सगळं मिळून आमच्या हातात ४८० डॉलर आले. दुसरा प्रकार कॉम्प्रिहेन्सिव्ह, त्यात डिडक्टिबल (आधी आपल्या खिशातून भरायची ठरलेली रक्कम) गेल्यावर बिलाच्या टक्केवारीने पैसे मिळतात, प्रीमियम जास्त पण घ्यायचा तर तोच. जुन्या दुखण्यांबद्दल "अक्यूट ऑनसेट" हे शब्द पॉलिसीत शोधा. बीपी-शुगर आधीपासून असली आणि अचानक काही झालं तर मर्यादेपर्यंत देतात, पण हळूहळू वाढलेलं काही, किंवा नेहमीची तपासणी, हे त्यात नाही, आणि वयाची अट पण असते, ७० नंतर कित्येक पॉलिसींत हा भाग गळतो. पूर्ण पीडीएफ वाचा, एजंटच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

पुण्यातून, नाशिकातून निघायच्या आधी त्यांची पूर्ण तपासणी, दात, डोळे, ईसीजी करून घ्या. रोजची औषधं तीन महिन्यांची मूळ पाकिटातच आणायला सांगा, सोबत डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी, त्यात ब्रँड नाही तर औषधाचं मूळ नाव आणि डोस. चष्मा दुसरा एक. जुना ईसीजी आणि मागच्या ऑपरेशनचे कागद फोनमध्ये फोटो काढून ठेवा, ईआरमधला डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतो. आणि घराच्या पायऱ्यांना कठडा नसेल तर आई-बाबा यायच्या आधी लावून घ्या, आमचा कठडा आता आहे, ११० डॉलर लागले.